शेजारच्या बोटीवर डॉक्टर आहे का? लांबच्या सागरसफरीत वैद्यकीय जाणकारांशी ओळख कशी करून घ्यावी

जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत ‘ए’ आणि ‘एल’ हे दोन बावटे एकाखाली एक चढवले की त्यांचा अर्थ ‘माझ्या जहाजावर डॉक्टर आहे’ असा होतो. ‘ए’ आणि ‘एम’ चढवले की ‘तुमच्याकडे डॉक्टर आहे का?’ असे विचारले जाते, आणि ‘ए’ व ‘एन’ म्हणजे ‘मला डॉक्टर हवा आहे’. १९३१च्या जुन्या संहितेत तर डॉक्टर असल्याचे सांगायला ‘एम’ हा एकच बावटा पुरत असे. १९६९पासून लागू झालेल्या संहितेने त्याला ‘माझे जहाज थांबलेले आहे’ असा निराळाच अर्थ दिला. शिडाच्या बोटींवर महिनोन्‌महिने राहणाऱ्या आजच्या दर्यावर्दी मंडळींपैकी कोणी यातला एकही संकेत डोलकाठीवर चढवलेला मी अद्याप पाहिलेला नाही. एखाद्या खाडीत तीस बोटी नांगरून असतात, त्यांतल्या दोन-तीन बोटींवर बहुधा कोणी डॉक्टर, नर्स किंवा दंतवैद्य असतो, आणि दोनशे मीटरवर राहणाऱ्या शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

खाडीत असेपर्यंत हे अज्ञान खपून जाते, कारण किनाऱ्यावर निदान एखादा दवाखाना असतो. पुढचा टप्पा मात्र तसा नसतो. कॅनरी बेटांवरील लास पाल्मासपासून कॅरिबियनमधील सेंट लुसियापर्यंतचे अंतर सुमारे २७०० सागरी मैल आहे आणि मध्यम आकाराच्या बोटीला ते कापायला अडीच-तीन आठवडे लागतात. गालापागोसपासून मार्केसास बेटांपर्यंत जवळजवळ ३००० मैल मोकळे पाणी आहे. बचाव हेलिकॉप्टरचा पल्ला काहीशे मैलांत संपतो. त्यापलीकडे जी मदत मिळू शकते, ती उपग्रह फोनवरून ऐकू येणाऱ्या अनोळखी डॉक्टरची असते किंवा त्याच सुमारास त्याच मार्गावर निघालेल्या दुसऱ्या बोटीवरच्या माणसाची. त्या दुसऱ्या माणसाशी ओळख करून घेण्याची वेळ म्हणजे निघण्यापूर्वीचे, नांगरावर काढलेले दिवस. ती ओळख कशी करावी आणि ती कशी जपावी, याविषयी हे मार्गदर्शन आहे.

नेमके कोणाला शोधायचे

‘डॉक्टर’ या एका शब्दावर समाधान मानू नये. समुद्रावर येणारी दुखणी ठरावीक असतात: प्रवाळावर घासून झालेली आणि चार दिवसांनी पिकलेली जखम, स्वयंपाक करताना बोट कलंडल्यामुळे अंगावर सांडलेले उकळते पाणी, विंचमध्ये (दोर ओढण्याच्या चरकात) चिरडलेले बोट, बूमचा (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचा) डोक्याला बसलेला तडाखा, निखळलेला खांदा, दाढेचा ठणका, कानात शिरलेल्या पाण्याने सुजलेला कान, लघवीची जळजळ, मुतखडा, आणि सततच्या उलट्यांनी शरीरातील कमी झालेले पाणी. उष्ण समुद्रांत प्रवाळभित्तीवरचा मोठा मासा खाल्ल्याने होणारी सिग्वाटेरा विषबाधा यात मिळवावी. तिच्यात थंड वस्तूला हात लावला तर चटका बसल्यासारखे वाटते, आणि मासा कितीही शिजवला तरी ते विष जात नाही. या यादीकडे पाहिले तर आपत्कालीन विभागात वर्षानुवर्षे काम केलेली नर्स, रुग्णवाहिकेवरचा पॅरामेडिक, भूलतज्ज्ञ किंवा खेड्यापाड्यांत एकट्याने दवाखाना चालवलेला सामान्य डॉक्टर हे सर्वांत उपयोगी पडतात, हे सहज लक्षात येईल. दंतवैद्य भेटला तर ती चैन समजू नये. लांबच्या सफरीत दाढदुखीइतके माणसाला निकामी करणारे दुखणे क्वचितच असते. सुईण, औषधनिर्माता आणि पशुवैद्य यांनाही वगळू नये. पशुवैद्याला टाके घालणे, हाड स्थिर करणे आणि साध्या साधनांवर भागवणे यांचा जो सराव असतो, तो मोठ्या शहरातल्या कित्येक विशेषज्ञांना उरलेला नसतो. माणसावर उपचार करण्याचा परवाना मात्र त्याच्याकडे नसतो आणि तो स्वतःच तसे आधी बजावतो.

मी हे एका गळामुळे शिकलो. संध्याकाळच्या वेळी मासेमारीचा गळ माझ्या जोडीदाराच्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी, उलट्या काट्यासह रुतला. आमच्या खाडीत एक ‘डॉक्टर’ आहे हे मला ठाऊक होते, म्हणून मी डिंगी (बोटीसोबतची लहान होडी) काढून थेट त्याच्याकडे गेलो. तो गृहस्थ विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) निघाला. आपण वीस वर्षांत जिवंत माणसाला सुई लावलेली नाही, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले आणि पलीकडच्या कॅटामरानकडे (जोडसांगाड्याच्या बोटीकडे) बोट दाखवले. तिथे राहणारी बाई आपत्कालीन विभागातली नर्स होती. तीन आठवडे आम्ही तिला फक्त ‘लाल डिंगीवाली’ म्हणून ओळखत होतो. तिने गळाला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचारल्या आणि तपासल्या: धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली, अंगठा पूर्ण वाकतो का, आणि त्याच्या टोकाला स्पर्श कळतो का. मग जागा धुऊन बधिर केली, गळ मागे न ओढता पुढे ढकलून त्याचा काटा कातडीबाहेर काढला, तो तोडला आणि उरलेला दांडा आल्या वाटेने मागे घेतला. काटा तोडायला लागलेली पक्कड तिच्या वैद्यकीय पेटीत नव्हती. ती माझ्या इंजिनाच्या हत्यारांतून आली आणि दहा मिनिटे पाण्यात उकळून घ्यावी लागली. तेव्हापासून ओळख झाली की मी हुद्दा विचारत नाही. ‘शेवटची काही वर्षे प्रत्यक्ष कोणत्या कामात गेली?’ असे विचारतो.

ओळख कुठे होते

जिथे दर्यावर्दी मोठ्या संख्येने मुक्काम करतात, उदाहरणार्थ बहामातील जॉर्जटाउन किंवा मेक्सिकोतील ला पाझ, तिथे रोज सकाळी व्हीएचएफ या जवळच्या पल्ल्याच्या रेडिओवर ठरलेल्या चॅनलवर ‘नेट’, म्हणजे सर्व बोटींची रेडिओसभा, भरते. नेट चालवणारा बहुतेक ठिकाणी सर्वप्रथम ‘तातडीचे, वैद्यकीय किंवा प्राधान्याचे काही आहे का?’ असे विचारून काही क्षण थांबतो, आणि त्यानंतरच नव्याने आलेल्या बोटी, निघणाऱ्या बोटी, हवामान, मदतीची मागणी असे विषय क्रमाने घेतो. नव्या ठिकाणी नांगर टाकल्यावर पहिले दोन-तीन दिवस हे नेट नुसते ऐकावे. वैद्यकीय प्रश्नाला कोणत्या बोटीवरून उत्तर येते, कोणता आवाज शांतपणे ‘दुसऱ्या चॅनलवर या’ असे सांगतो, हे ऐकूनच अर्धी माहिती मिळते. उरलेली अर्धी नेट चालवणाऱ्याला असते. त्याला प्रत्यक्ष भेटून विचारावे. रेडिओवर विचारू नये, कारण व्हीएचएफवरचे बोलणे आवाक्यातल्या प्रत्येक बोटीवर, धक्क्यावर आणि मासेमारीच्या होड्यांवर ऐकू जाते.

रॅलीत, म्हणजे अनेक बोटींच्या आयोजित सामूहिक सफरीत, भाग घेतला असेल तर काम सोपे होते. अटलांटिक ओलांडणारी ‘आर्क’ ही रॅली १९८६पासून भरते, आणि अशा ताफ्यांत निघण्यापूर्वी चर्चासत्रे, सुरक्षिततेची प्रात्यक्षिके व स्नेहभोजने होत असतात. ताफ्यात वैद्यकीय व्यवसायातले कोण आहे आणि त्यांपैकी कोणाची नाव सांगायला संमती आहे, हे आयोजकांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. सुरक्षिततेच्या प्रात्यक्षिकाला तर जावेच. तिथे प्रश्न विचारणारे आणि वक्त्याची चूक हळूच दुरुस्त करणारे लोक कोण आहेत, ते पाहावे.

रॅलीबाहेर जुन्या संघटना उपयोगी पडतात. सेव्हन सीज क्रूझिंग असोसिएशन १९५२ साली आणि ओशन क्रूझिंग क्लब १९५४ साली स्थापन झाला. ओशन क्रूझिंग क्लबच्या पूर्ण सदस्यत्वासाठी किमान १००० सागरी मैलांचा सलग प्रवास केलेला असावा लागतो. या संघटनांचे जगभरच्या बंदरांत प्रतिनिधी असतात, आणि स्थानिक दवाखान्यांची खरी योग्यता त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते. आपल्याच संघटनेची त्रिकोणी पताका फडकवणाऱ्या बोटीकडे डिंगी वल्हवत जाऊन ओळख करून घेणे हा रिवाजच आहे, त्यामुळे तिथे निमित्त शोधावे लागत नाही.

मात्र मला सर्वांत फलदायी वाटलेला मार्ग निराळा आहे. नेटवर जाहीर करावे की अमुक दिवशी दुपारी किनाऱ्यावरच्या सावलीत सर्वांनी आपापली प्रथमोपचार पेटी घेऊन यावे, पेट्या उघडून बसू, जुनी औषधे बाजूला काढू आणि एकमेकांना माहीत असलेले शिकवू. कोणाला मार्गदर्शन करावेसे वाटले तर उत्तमच. यात कोणाच्या व्यवसायाची चौकशी होत नाही आणि कोणावर दडपणही येत नाही. तरीही अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होते. पुतळ्याऐवजी उशी घेऊन छाती दाबण्याचा सराव चालू असतो, आणि मागे उभी असलेली कोणी पुढे येऊन सांगते की मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, आणि माणूस गादीवर असेल तर आधी त्याला कठीण जमिनीवर घ्या. कोणी टाके घालायचा संच अभिमानाने दाखवतो आणि एक वृद्ध गृहस्थ त्याला विचारतात, ‘ही जखम आधी किती पाण्याने धुणार?’ असे प्रश्न विचारणारी माणसेच आपल्याला हवी असतात. अशा दुपारी आणखी एक गोष्ट कळते: कोणत्या बोटीवर स्वयंचलित डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आहे, कोणाकडे ऑक्सिजनची नळकांडी आहे, कोणाकडे खांदा बांधण्याचे पट्टे आहेत. साधनाची मालकी आणि ते वापरण्याचे कौशल्य एकाच बोटीवर असेलच असे नाही, म्हणून दोन्हींची नोंद ठेवावी.

नव्या देशात येऊन ‘क्यू’ हा पिवळा बावटा चढवला असेल आणि बंदर अधिकाऱ्यांची परवानगी मिळायची असेल, तोवर या भेटीगाठी करू नयेत. त्या अवस्थेत बोट सोडणे किंवा दुसऱ्याला बोटीवर घेणे बहुतेक देशांत नियमाविरुद्ध असते. रेडिओवर सल्ला घ्यायला मात्र आडकाठी नसते.

विचारावे कसे

समुद्रावर आलेल्या पुष्कळ डॉक्टरांनी आणि नर्सांनी आपला व्यवसाय जाणूनबुजून मागे ठेवलेला असतो. काहींना तो पुन्हा आठवायचाही नसतो. ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत सदरा वर करून पाठीवरचे पुरळ दाखवणारे लोक त्यांना प्रत्येक बंदरात भेटलेले असतात, म्हणून आपण त्या रांगेत उभे राहू नये. आधी शेजारधर्म असावा. आपल्याला डिझेल इंजिन उघडता येत असेल, शीड शिवता येत असेल, रेडिओचा दोष शोधता येत असेल, तर ते कळू द्यावे. कुणाचा अल्टरनेटर दुरुस्त करून दिल्यावर मदतीचा विषय दोन्ही बाजूंनी आपोआप निघतो.

विचारायची वेळ आली की सरळ, अटीसह आणि नकाराला जागा ठेवून विचारावे. मी साधारण असे म्हणतो: ‘आम्ही पुढच्या महिन्यात समुद्र ओलांडणार आहोत. बोटीवर दम्याचा एक रुग्ण आहे. तातडीचा प्रसंग आला आणि तुम्ही आवाक्यात असलात, तर रेडिओवर हाक मारलेली चालेल का? चालणार नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा.’ यात दुखणे लपवलेले नाही, अपेक्षा मर्यादित आहे आणि समोरच्याला आधी विचार करायला वेळ मिळतो. माझ्या अनुभवात बहुतेक जण ‘हो’ म्हणतात आणि लगेच आपली मर्यादाही सांगतात: ‘मी लहान मुलांचे पाहत नाही’, ‘माझी नोंदणी संपलेली आहे’, ‘मी सल्ला देईन, औषध देणार नाही’. ही वाक्ये नकार समजू नयेत आणि ती शब्दशः लक्षात ठेवावीत.

पैसे देऊ करू नयेत. तातडीच्या प्रसंगी विनामोबदला केलेल्या मदतीला संरक्षण देणारे कायदे अनेक देशांत आहेत, परंतु त्यांचे स्वरूप देशागणिक बदलते, आणि मोबदला घेतल्यास तेच संरक्षण जाण्याचा धोका असतो. शिवाय डॉक्टरचा परवाना त्याच्या देशापुरता असतो आणि व्यावसायिक विमाही बहुधा परक्या बंदरातल्या उपचारांना लागू होत नाही. म्हणूनच चिठ्ठी लिहून मागणे, झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक औषधांची मागणी करणे, किंवा किनाऱ्यावरच्या डॉक्टरने सांगितलेले खरे आहे का याची खाडीभर फिरून खात्री करून घेणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. वापरलेली औषधे व पट्ट्या पहिल्या बंदरात विकत घेऊन परत कराव्यात. तेवढे पुरते, आणि त्याने कोणी अडचणीत येत नाही.

संमतीशिवाय दुसऱ्याचा व्यवसाय रेडिओवर सांगू नये, हे वेगळे सांगायला नको होते. पण ‘अमुक बोटीवर डॉक्टर आहेत, त्यांना विचारा’ असे सकाळच्या नेटवर ऐकून त्या बोटीपुढे दुपारी डिंग्यांची रांग लागलेली मी पाहिली आहे. दुसऱ्या दिवशी ती बोट नांगर उचलून निघून गेली. त्याच कारणाने आपल्या पेटीत कोणती तीव्र औषधे आहेत, हेही रेडिओवर कधी बोलू नये.

दोन कागद

पहिला कागद आपल्या ओळखींचा. लॉगबुकाच्या मागच्या पानावर बोटीचे नाव, हाक मारायचे नाव, बोटीच्या रेडिओची ओळख असलेला नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक, त्या व्यक्तीचे कौशल्य आणि तिने सांगितलेली मर्यादा, बोलता येणाऱ्या भाषा, रात्री कोणते चॅनल चालू असते, जवळ कोणते साधन आहे, आणि त्यांची निघण्याची तारीख, हे एका ओळीत लिहावे. रात्रीचे चॅनल हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. नांगरावर असताना अनेक जण झोपण्यापूर्वी रेडिओ बंद करतात, आणि पहाटे तीन वाजता चॅनल १६ वर (हाका आणि संकटसंदेशांच्या सामाईक चॅनलवर) कितीही हाका मारल्या तरी बंद रेडिओ उत्तर देत नाही. शेजाऱ्याशी आधीच ठरवून घ्यावे की रेडिओ लागला नाही तर डिंगीने येऊन बोटीच्या कडेवर ठोठावले तरी चालेल का.

दुसरा कागद बोटीवरच्या प्रत्येक माणसाचा, आणि मदत करणाऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा. त्यावर वय, वजन, नेहमीचा रक्तदाब, ॲलर्जी, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, लसी व त्यांच्या तारखा आणि रोजची औषधे असावीत. वजन लिहायला लोक विसरतात, पण मुलाला द्यायच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. अपेंडिक्स काढलेले आहे की नाही, या एका नोंदीने पोटदुखीचा निम्मा विचार सोपा होतो. हृदयविकार असलेल्याने निरोगी वेळच्या ईसीजीची प्रत सोबत ठेवावी, म्हणजे नव्या आलेखाची तुलना करता येते. औषधे कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ नावाने लिहावीत, कारण कंपनीचे नाव समुद्रापलीकडे निरर्थक ठरते. मूळ नावांतही फरक असतात, ते जाणून घ्यावेत. पॅरासिटामॉलला अमेरिकी डॉक्टर ॲसिटामिनोफेन म्हणतो, सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल आणि ॲड्रेनालिनला एपिनेफ्रिन. घाईच्या वेळी रेडिओवर दोन नावांनी एकाच औषधाविषयी बोलत दोघे जण गोंधळून जातात, तेव्हा या तीन जोड्या तरी पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवाव्यात. पेटीतल्या औषधांची यादी, प्रत्येकाची मात्रा, संख्या आणि मुदत यांसह, याच कागदाच्या मागे असावी. हे सर्व इंग्रजीतही लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

प्रसंग आला म्हणजे

जिवावर बेतले असेल तर ‘मेडे’, आणि स्थिती गंभीर असूनही तत्काळ जीव जाण्याचा धोका नसेल तर ‘पॅन-पॅन’ तीनदा उच्चारून चॅनल १६ वर हाक द्यावी. ओळखीच्या डॉक्टरला आधी हाक मारावी की सर्वसाधारण हाक द्यावी, या विचारात वेळ घालवू नये. सर्वसाधारण हाक ओळखीच्या डॉक्टरलाही ऐकू जाते. बोटीचे नाव, ठिकाण, रुग्णाचे वय, काय झाले, केव्हा झाले, शुद्ध आहे का, श्वास कसा आहे, रक्तस्राव थांबला आहे का, एवढे सांगून थांबावे. एका माणसाने रुग्णाजवळ राहावे, एकाने रेडिओवर, आणि तिसरा उपलब्ध असेल तर त्याने केवळ लिहावे: वेळ, नाडी, श्वास, ताप, दिलेले औषध आणि त्याची मात्रा. किनाऱ्यावरचा डॉक्टर पहिल्यांदा हाच कागद मागतो.

सगळा भार शेजारच्या एकट्या डॉक्टरवर टाकू नये. जहाजांना रेडिओवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या संस्था अनेक देशांत आहेत. रोममधील ‘चिर्म’ ही संस्था १९३५ पासून कोणत्याही देशाच्या जहाजाला विनामूल्य सल्ला देत आली आहे, आणि इनमारसॅट उपग्रह फोनवर वैद्यकीय सल्ल्यासाठी ३२ आणि वैद्यकीय साहाय्यासाठी ३८ हे संकेतांक आहेत. समुद्रावरच्या रुग्णांचा सराव असलेला तिकडचा डॉक्टर आणि रुग्णाला हात लावू शकणारा इकडचा शेजारी, ही जोडी एकट्या कोणाहीपेक्षा चांगली चालते. रुग्णाला हात लावणारा जाणकार जवळ नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९९८ सालचे आहे. एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत रशियन दर्यावर्दी व्हिक्टर याझिकोव्ह याच्या कोपरात दक्षिण अटलांटिकमध्ये गळू झाले, आणि बोस्टनमधील डॉक्टरने ईमेलने पाठवलेल्या सूचना वाचून त्याने ते स्वतःच कापले. रक्त थांबेना तेव्हा त्याने लवचीक दोरी दंडाला आवळली. ती सोडून जखमेवर थेट दाब द्यावा, ही सूचनाही ईमेलनेच यावी लागली. शेजारी एखादी नर्स असती तर हे तिने दोन सेकंदांत सांगितले असते.

समुद्र ओलांडताना मात्र ‘शेजारी’ या शब्दाचा अर्थ ताणला जातो. पंधरा मीटर उंचीच्या दोन डोलकाठ्यांवरच्या अँटेनांमध्ये व्हीएचएफचा आवाका साधारण १५ ते २० सागरी मैल असतो, आणि एकत्र निघालेल्या बोटी तीन-चार दिवसांतच त्यापेक्षा अधिक पांगतात. त्यामुळे लांब पल्ल्याचा एसएसबी रेडिओ किंवा उपग्रह संदेश यांवर रोज ठरलेल्या वेळी हजेरी घेण्याची पद्धत निघण्यापूर्वी ठरवावी आणि त्या हजेरीत डॉक्टरची बोट कुठे आहे, ते नकाशावर रोज नोंदवावे. २०१८ सालच्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत २१ सप्टेंबरला हिंदी महासागराच्या दक्षिण भागात भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. सर्वांत जवळचा स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन स्वतःची मोडलेली बोट हाकारत त्यांच्याकडे निघाला होता. ‘ओसिरिस’ हे फ्रेंच मत्स्यगस्ती जहाज २४ सप्टेंबरला पोचले तोवर तीन दिवस गेले होते. मोकळ्या समुद्रावर मदतीचा हिशेब असा दिवसांत करावा लागतो, म्हणून पहिल्या तीन दिवसांचे उपचार आपल्याच बोटीवर करता येतील अशी तयारी त्या ओळखीच्या डॉक्टरकडून निघण्यापूर्वीच करून घ्यावी. आपली पेटी त्याच्यासमोर उघडावी आणि ‘यात काय कमी आहे?’ असे विचारावे. नुसत्या पत्त्यांच्या देवाणघेवाणीपेक्षा ही अर्ध्या तासाची बैठक अधिक उपयोगाची असते.

दोन बोटी जवळ आल्याच, तरी डॉक्टरला मध्यसमुद्रात एका बोटीवरून दुसरीवर आणण्याचा मोह आवरावा. लाटेवर दोन्ही बोटी उलटसुलट झुलतात, डोलकाठ्या एकमेकींवर आदळतात, आणि एका रुग्णाचे दोन रुग्ण होतात. वाऱ्याच्या वरच्या बाजूने लांब दोरीला बांधलेल्या, पाणी न शिरणाऱ्या पिंपातून औषध सोडावे आणि बाकीचे बोलणे रेडिओवर करावे. दिवसाउजेडी रेडिओ बिघडला असेल तर ‘डब्ल्यू’ हा एकच बावटा ‘मला वैद्यकीय मदत हवी आहे’ असे सांगतो; तेवढा एक तरी हाताशी ठेवावा.

रुग्ण बरा झाल्यावर त्याच्या दुखण्याची चर्चा संध्याकाळच्या गप्पांत होऊ देऊ नये. मदत करणाऱ्याने गुप्तता पाळलेली असते आणि बहुतेक वेळा आपणच ती मोडतो.

ओळखींचे पान दर मुक्कामी तपासावे. निघून गेलेल्या बोटीवर रेघ मारावी, पण ती ओळ खोडून टाकू नये, कारण तीच बोट दोन महिन्यांनी पुढच्या बेटावर भेटते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पानावरच्या प्रत्येकाला एकदा हाक मारून तीन गोष्टी पक्क्या कराव्यात: हजेरीची वेळ, तिची फ्रिक्वेन्सी आणि ती जमली नाही तर कोणत्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर किती मिनिटांनी ऐकायचे.